येन झेनछिंगचं वळण गिरवायला घेताना

चिनी सुलेखन शिकायचंय, सुरुवात कुणाच्या अक्षरापासून करू, असं कुणाही जाणकाराला विचारा. चार नावं ऐकू येतील: ओउयांग शून, येन झेनछिंग, ल्यू गोंगछ्वान आणि झाओ मंगफू. पहिले तिघे तांग राजवटीच्या काळातले, चौथा बराच नंतरचा, युआन राजवटीतला. 'कायशू' म्हणजे आपल्या बाळबोधसारखी सुटी, ठाशीव, पूर्ण अक्षरांची शैली. तिचे हे चार मोठे कित्ते. मी त्यातला येन झेनछिंग निवडला, कारण त्याची अक्षरं जाड आणि ऐसपैस दिसली. वाटलं, हे सोपं जाईल.

पहिले आठ महिने मी उलट्या दिशेने गेले. त्याआधी बरीच वर्षं मी कट निबने देवनागरी सुलेखन करत होते, आणि तेच आड आलं. बोरूने किंवा कट निबने लिहिताना रेघेची जाडी येते ती टोकाच्या कोनातून. येनच्या अक्षरातली जाडी दाबातून येते. कुंचला खाली दाबला की रेघ जाड, वर उचलला की बारीक. हे वाचायला एक वाक्य आहे, हाताला कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुमचं तेवढं वर्ष जाऊ नये म्हणून हा लेख.

नावाबद्दल आधी एक गोष्ट. इंग्रजी स्पेलिंगवरून कुणी 'यान झेनक्विंग' म्हणतं, कुणी 'झेनचिंग'. चिनी उच्चार 'येन'च्या जवळ जातो, आणि आडनाव पहिलं येतं. त्याला 'येन लूगोंग', म्हणजे लूचा ड्यूक येन, असंही म्हणतात. पुस्तकांवर हे नाव दिसलं तर माणूस दुसरा समजू नका.

१. आधी माणूस थोडा ओळखून घ्या

चरित्र पाठ करायची गरज नाही. पण इतकं माहीत असलं तर अक्षर वेगळं दिसतं.

येनचा जन्म ७०९ सालचा, छांगआन म्हणजे आजच्या शीआनमधला. घराणं विद्वानांचं, पण वडील लवकर गेले आणि घरची ओढगस्त होती. कागद परवडेना म्हणून पिवळी माती पाण्यात कालवून भिंतीवर अक्षरं काढायचा, अशी कथा सांगतात. ७३४ मध्ये तो राजदरबाराची सर्वांत मानाची परीक्षा उत्तीर्ण झाला. कुंचल्याचं तंत्र तो झांग शूकडून शिकला. झांग शू हा वेगवान, बेभान लिपीसाठी गाजलेला माणूस. गुरू असा वादळी आणि शिष्य असा पाय रोवून उभा, ही गंमत मला कायम वाटत आली आहे.

७५५ मध्ये सेनापती आन लूशानने बंड केलं तेव्हा येन पिंगयुआनचा प्रशासक होता. आसपासची शहरं भराभर शरण जात असताना त्याने तटबंदी आधीच पक्की करून ठेवली होती आणि तो लढला. त्याचा चुलतभाऊ येन गाओछिंग छांगशान लढवत होता. ते शहर पडलं. भाऊ आणि भावाचा मुलगा जीमिंग दोघे मारले गेले. पुढे दरबारात येनने खरं बोलून मोठमोठे शत्रू जोडले. अखेर सत्तरी उलटल्यावर त्याला ली शीलिए नावाच्या दुसऱ्या बंडखोराकडे समजूत घालायला पाठवलं गेलं. तो परत येणार नाही हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं. बंडखोराने त्याला आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला, तो वळला नाही, आणि ७८५ मध्ये त्याला गळा आवळून मारण्यात आलं.

चिनी परंपरेत अक्षर आणि चारित्र्य एकच मानायची रीत आहे, त्यामुळे येनच्या अक्षरात त्याची निष्ठा दिसते असं तुम्ही शंभरदा वाचाल. मला ते अर्धंच पटतं. निष्ठावान माणसांचं अक्षर गचाळही असतं. पण एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. त्याच्याआधीची आदर्श अक्षरं, चौथ्या शतकातल्या वांग शीझीच्या परंपरेतली, नाजूक, तिरपी, डौलदार होती. येनने अक्षर सरळ समोर तोंड करून उभं केलं. प्राचीन मुद्रालिपीतली गोल, भरीव रेघ त्याने कायशूमध्ये आणली. अक्षर रुंद झालं, चौकोन भरून राहू लागलं.

२. सामान

एवढं लागेल, पहिल्या वर्षाला यापेक्षा जास्त काही नको:

- कुंचला: एकच. मिश्र केसांचा घ्या, आत ताठ केस आणि बाहेर बकरीचे मऊ. केसांची लांबी ४ ते ५ सेंमी, जाडी साधारण १ सेंमी.
- शाई: बाटलीतली चिनी सुलेखनाची काळी शाई. शाईकांडी आणि उगाळायचा दगड नंतर घ्या.
- कागद: सरावाचा बांबूचा पिवळसर कागद, चौकोन छापलेला. चौकोनात अधिकचं आणि गुणिलेचं चिन्ह एकावर एक असतं. चौकोन ७-८ सेंमीचा हवा.
- कागदाखाली घालायला लोकर: फेल्ट मिळालं तर उत्तम, नाहीतर जुन्या ब्लँकेटचा तुकडा.
- कागद दाबायला दोन वजनं, शाईला एक बशी, पुसायला जुनं सुती फडकं.
- कित्त्याचं पुस्तक: त्यावर पुढे सविस्तर.

आता खड्डे. चित्रकलेच्या दुकानातली 'वॉटरप्रूफ' ड्रॉइंग इंक वापरू नका. तिच्यात बहुधा लाख असते, ती केसांच्या मुळाशी सुकली की कुंचला गेला. माझा पहिला कुंचला असाच खुंट झाला. जलरंगाचा गोल ब्रश चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. त्याचं पोट शाई धरून ठेवत नाही आणि दाबल्यावर तो परत टोकावर येत नाही.

शुभ्र 'श्वान' कागद (हे चिनी नाव, कुत्र्याशी संबंध नाही), आनह्वी प्रांतातल्या जिंग परगण्यातला, ऐकायला मोहक वाटतो. पण कच्चा श्वान कागद शाई इतकी पितो की नवशिक्याचा प्रत्येक थांबा डाग होऊन पसरतो. तो दुसऱ्या वर्षी. सुरुवातीला वर्तमानपत्राची रद्दीसुद्धा चालते, मी चार महिने तिच्यावरच काढले. पाण्याने लिहायचं कापड मिळतं, लिहिलेलं सुकून नाहीसं होतं. ते प्रवासात बरं, पण त्यावर शाईची जात कळत नाही.

नवा कुंचला खळ लावून टणक केलेला असतो. साध्या पाण्यात भिजत ठेवून बोटांनी हलके सोडवा, गरम पाणी नको. लिहून झालं की धुवा, केस पिळून टोक जुळवा आणि टोक खाली करून टांगा. ओला कुंचला मगात टोक वर करून ठेवला की पाणी दांडीत उतरतं आणि गोंद सुटतो. बशीत उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका, सगळी बाटली कुजते आणि तो वास विसरता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कागद सर्द होऊन शाई पसरते आणि बंद डब्यातल्या कुंचल्याला बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत कुंचला उघड्यावरच राहू द्या. शाई नेहमीपेक्षा घट्ट ठेवा. उन्हाळ्यात उलट, बशीत पाण्याचे दोन-तीन थेंब टाकत राहा.

३. कित्ता निवडा, आणि एकच निवडा

येनची बरीच अक्षरं दगडावर कोरलेली आहेत आणि आपण गिरवतो ते त्या दगडांचे ठसे, काळ्यावर पांढरे. नवशिक्यापुढे दोन पर्याय येतात.

पहिला 'दुओबाओ ता', म्हणजे अनेकरत्न स्तूपाचा शिलालेख, ७५२ सालचा. येन तेव्हा त्रेचाळिशीत होता. अक्षर नेटकं, घट्ट, प्रत्येक रेघ पुस्तकी. मिंग काळातला नामवंत सुलेखनकार दोंग छीछांगही सतराव्या वर्षी याच्यापासून शिकला. बहुतेक वर्गांत आजही हाच देतात.

दुसरा 'येन छिनली' शिलालेख, ७७९ सालचा. सत्तरीतल्या येनने पणजोबांसाठी लिहिलेला. हा दगड मधल्या काळात हरवला होता, तो १९२२ मध्ये शीआनमध्ये पुन्हा खणून निघाला. समोर १९ आणि मागे २० ओळी, एका बाजूला आणखी पाच. उरलेल्या बाजूची अक्षरं घासून गेलेली आहेत. दगड शतकानुशतकं मातीखाली होता म्हणून त्याच्यावरून ठसे घेण्याची झीजही झाली नाही. रेघांच्या कडा त्यामुळे इतर दगडांपेक्षा स्पष्ट आहेत.

माझं मत: दुसरा घ्या. 'दुओबाओ ता' वाईट नाही, पण त्यात येन अजून पूर्ण येन झालेला नाही. शिवाय तिथे ३४ ओळी आणि ओळीत ६६ अक्षरांची जागा आहे, म्हणजे मूळ अक्षर बारीक. त्याची ७ सेंमीची प्रत काढताना बारकावे आपण मनाने भरतो, आणि मनाने भरलेलं आपलंच असतं. माझ्या ओळखीत याच्या उलट सांगणारे चांगले शिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं, आधी शिस्त, मग मोकळेपणा. तुमचे शिक्षक असं सांगत असतील तर त्यांचं ऐका. दोन्ही एकदम मात्र नको. ७५२ आणि ७७९ मध्ये माणूस बदलला आहे. एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड असं अक्षर तयार होतं.

पुस्तक घेताना बघायच्या गोष्टी तीन. ठशाचं छायाचित्र असावं, कुणी नव्याने लिहून काढलेली प्रत नसावी. अक्षरं मोठी करून छापलेली असावीत. आणि तुटलेल्या कडा संगणकावर गुळगुळीत केलेल्या नसाव्यात. तसं केलेली पुस्तकं स्वस्त आणि देखणी असतात, मी तसलंच पहिलं घेतलं होतं. त्यात रेघ रबरी नळीसारखी दिसते.

चिनी येत नसेल तरी चालेल, पण दोन गोष्टी कराच. प्रत्येक अक्षराचा रेघांचा क्रम बघून घ्या आणि अर्थ लिहून ठेवा. शिलालेखातली अक्षरं जुनी, पारंपरिक आहेत, आज चीनमध्ये छापतात ती सोपी केलेली नव्हेत. त्यामुळे मोबाइलच्या शब्दकोशात शोधताना 'पारंपरिक' हा पर्याय निवडा. ओळी वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जातात. 'येन छिनली'च्या सुरुवातीलाच 'पणतू झेनछिंगने रचलं आणि लिहिलं' अशा अर्थाचा मजकूर आहे. तो शोधून काढा. ज्याचं अक्षर गिरवताय त्याने स्वतःचं नाव कसं लिहिलं, हे पाहून ठेवावं.

४. बैठक आणि पकड

खुर्चीवर ताठ, दोन्ही पाय जमिनीला, डावा हात कागदावर. अंगठा आणि तर्जनीने दांडी धरायची, मधलं बोट बाहेरून ओढतं, अनामिका आतून ढकलते, करंगळी अनामिकेला टेकू देते. तळव्यात लिंबू मावेल एवढी पोकळी. दांडी उभी. पेनसारखी ती अंगठ्याच्या बेचक्यात कलली की संपलं. आपल्या सगळ्यांच्या हाताला तीच सवय असते, म्हणून पहिले पंधरा दिवस दर दहा मिनिटांनी दांडीकडे बघा.

मनगट टेबलावर टेकवून ७ सेंमीची रेघ ओढता येत नाही. मनगट उचला, कोपर टेकलेलं चालेल. खांदा दुखला तर पकड घट्ट आहे असं समजा.

५. पहिला महिना: दोनच रेघा

आडवी आणि उभी. अक्षर नाही.

आडवी रेघ अशी. टोक कागदाला लावून किंचित डावीकडे न्या, म्हणजे जायचंय त्याच्या उलट. मग खाली उजवीकडे दाबा. थोडं उचलून उजवीकडे निघा, जाताना रेघ जराशी वर चढू द्या. शेवटी किंचित उचला, दाबा आणि टोक रेघेच्या पोटात परत घ्या. याला टोक लपवणं म्हणतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही गोल होतात, आतली टोकं दिसत नाहीत.

उभी रेघ तशीच, दिशा वेगळी. तिचे शेवट दोन: लोंबत्या दवबिंदूसारखा गोल, किंवा टांगलेल्या सुईसारखा टोकदार. आधी दवबिंदू.

चालताना कुंचल्याचं टोक रेघेच्या मधोमध हवं. हा सगळ्या येनचा पाया आहे आणि माझी आठ महिन्यांची चूक इथलीच. मी निबच्या सवयीने कुंचला आडवा पाडून त्याच्या बाजूने रुंद रेघ ओढत होते. लांबून जाडी बरोबर दिसायची, जवळून रेघ सपाट, मेलेली. तपासायची सोपी रीत आहे. रेघेच्या दोन्ही कडा बघा. एक गुळगुळीत आणि दुसरी फाटकी असेल तर टोक एका कडेने चाललंय. मग कागद उलटा करून बघा. टोक मध्ये असेल तर मागच्या बाजूला शाई मधोमध सर्वांत गडद उतरलेली दिसते.

या रेघेबद्दल एक प्रसंग नोंदलेला आहे. ह्वाइसू नावाचा भिक्षू, वेगवान लिपीतला मोठा लेखक, येनला भेटला. अक्षर कशावरून सुचतं यावर बोलणं चाललं होतं. ह्वाइसू उन्हाळी ढगांबद्दल, भिंतीला गेलेल्या तड्यांबद्दल बोलला. येनने विचारलं, गळक्या छपराखालच्या भिंतीवरचा ओघळ कसा वाटतो? ह्वाइसूने उठून त्याचा हात धरला.

'छपराच्या गळतीचा ओघळ' ही आता सुलेखनातली संज्ञाच झाली आहे. पुस्तकात ती वाचून मला काही कळलं नव्हतं. मग एका जुलैत आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी उतरायला लागलं. थेंब सरळ खाली पळत नाही. तो थांबतो, फुगतो, स्वतःच्या वजनाने जरा सरकतो, किंचित डावी-उजवी घेतो, पुन्हा थांबतो. ओघळ उभाच असतो, पण पट्टीने आखलेला वाटत नाही, आणि त्याच्या दोन्ही कडा गोल असतात. उभी रेघ अशी ओढायची. घाई केली की ती काठी होते. तुमच्या घरात पावसाळ्यात अशी भिंत असेल तर गवंड्याला बोलवायच्या आधी दहा मिनिटं तिच्यासमोर बसा.

६. रेशीमकिडा आणि पाकोळी

येनचं नाव काढलं की लोक 'रेशीमकिड्याचं डोकं आणि पाकोळीची शेपूट' म्हणतात. डोकं म्हणजे रेघेची गोल, फुगीर सुरुवात. शेपूट म्हणजे उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघेचा शेवट, जिथे टोक बाहेर पडताना दुभंगल्यासारखी खाच दिसते.

सरावाला 'मोठा' या अर्थाचं 'दा' हे अक्षर घ्या. आडवी, डावी तिरपी, उजवी तिरपी, तीनच रेघा. उजवी तिरपी बारीक सुरू होते, उतरताना दाब वाढत जातो, पावलाशी पोचल्यावर थांबा, किंचित उचला, मग टोक गोळा करत उजवीकडे सोडा. त्या थांबून उचलण्यातून खाच आपोआप पडते.

आपोआप पडते, हे महत्त्वाचं. नवशिके ती वेगळी काढतात. रेघ पूर्ण करून मग टोकाने खाच कोरतात, कारण छापील ठशात तीच आधी नजरेत भरते. शिवाय ठशात जे दिसतं त्यातलं थोडं कुंचल्याचं असतं, थोडं छिन्नीचं आणि थोडं बाराशे वर्षांच्या पडझडीचं. आधुनिक काळातले नामवंत सुलेखनकार छी गोंग यांचा आग्रहच होता की ठसा बघताना छिन्नीच्या पलीकडचा कुंचला पाहावा. दगडाचा टवका उडालेला असतो आणि आपण तो इमानाने गिरवतो. मी झेनछिंगच्या नावातल्या 'झेन' या अक्षराच्या एका ठिपक्याला तीन महिने एक कोपरा काढत होते. दुसऱ्या छपाईत पाहिलं तर तो कोपरा नव्हताच.

म्हणून कुंचल्याने लिहिलेलं येनचं मूळ हस्ताक्षर अधूनमधून बघत राहा. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाने त्यांच्याकडच्या हस्तलिखितांची मोठी छायाचित्रं संकेतस्थळावर ठेवली आहेत.

७. अक्षराची बांधणी

रेघा जमल्या की लोकांना वाटतं काम झालं. मग अक्षर लिहितात आणि ते बसत नाही. 'येन छिनली'मध्ये बघायच्या गोष्टी:

आडव्या बारीक, उभ्या जाड. हा फरक उघड आहे, पण अक्षरात रेघा कमी असतील तर आडव्याही जाड होतात. सूत्र म्हणून पाठ करू नका.

समोरासमोरच्या दोन उभ्या रेघा बाहेरच्या बाजूला फुगतात, पिंपाच्या अंगासारख्या. ओउयांग शूनच्या अक्षरात त्याच रेघा आत खेचलेल्या, डमरूसारख्या. 'देश' या अर्थाचं 'ग्वो' किंवा 'दार' या अर्थाचं 'मन' ही अक्षरं दोघांच्या पुस्तकांतून शेजारी ठेवून पाहा. एकदा दिसलं की पुन्हा न दिसणं शक्य नाही. डावी उभी रेघ बारीक, उजवी जाड, हेही तिथेच दिसेल.

आणि एक अडचण आपली खास. देवनागरी वाचणाऱ्याची नजर शिरोरेषेला टांगलेली असते. आपण अक्षराचा माथा जुळवतो, खालचं जसं येईल तसं. माझी पहिली सगळी चिनी अक्षरं चौकोनाच्या वरच्या भागात चिकटलेली होती, दोरीवर वाळत घातल्यासारखी. चिनी अक्षर मध्यातून तोललेलं असतं. उपाय हा की पहिली रेघ ओढण्याआधी कित्त्यातल्या अक्षराचा मध्य चौकोनाच्या कोणत्या बिंदूवर येतो ते बोट ठेवून पाहायचं. येनची अक्षरं चौकोन जवळजवळ भरतात, तरी कडेला टेकत नाहीत. आतली मोकळी जागा मोठी आणि बाहेरची कमी, म्हणून अक्षर आहे त्यापेक्षा मोठं वाटतं.

८. रोजचा रियाज

रोज चाळीस मिनिटं पुरतात. रविवारी चार तास आणि मग आठवडाभर काही नाही, असं करू नका. हात विसरतो.

सुरुवातीची दहा मिनिटं कुंचला हातात न घेता कित्ता नुसता वाचा. बोटाने हवेत रेघा ओढा. मग तीन किंवा चार अक्षरं, प्रत्येक दहा-बारा वेळा. पन्नास अक्षरं एकेकदा लिहिण्यात काही अर्थ नाही.

पद्धतींचा क्रम असा. पहिल्या काही आठवड्यांत वर पातळ कागद ठेवून गिरवणं. नंतर कित्ता शेजारी ठेवून पाहून लिहिणं, मुख्य काळ यात जातो. आठवड्यातून एकदा पुस्तक मिटून आठवणीने लिहिणं आणि मग उघडून फरक लाल पेनने खुणावणं. ही तिसरी पायरी लोक टाळतात कारण तिथे फजिती होते. खरी प्रगती मला तिथेच दिसली. गिरवणं मात्र फार लांबवू नका. दुसऱ्याच्या रेघेवरून हात फिरवण्यात एक सुख असतं आणि डोळा झोपी जातो.

शक्य असेल तर शिक्षक गाठा, ऑनलाइन का होईना. त्यांनी तुमचं अक्षर नाही, तुमचा हात चालताना पाहायला हवा. मी पाठवलेल्या छायाचित्रांना एका वर्गातून महिनोनमहिने 'छान' असं उत्तर येत होतं. ज्या दिवशी दुसऱ्या एका शिक्षकांनी व्हिडिओ मागवला, त्या दिवशी त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं की कुंचला आडवा पडतोय.

९. त्याच्या पुढे-मागे कोण, हेही बघा

कंटाळा येईल तेव्हा दुसऱ्यांची अक्षरं पाहा, लिहू नका. ल्यू गोंगछ्वान येनच्या पाठोपाठचा. त्याचा ८४१ सालचा शिलालेख शीआनच्या 'शिलालेखांच्या वनात', म्हणजे बेइलिन संग्रहालयात, येनच्या दगडांच्याच सोबतीला आहे. 'येनचे स्नायू, ल्यूची हाडं' असा वाक्प्रचार या जोडीवरून पडला. सोंग काळातला सू शी म्हणायचा की कवितेत दू फू, गद्यात हान यू, चित्रात वू दाओझी आणि सुलेखनात येन, या चौघांपाशी त्या त्या कलेची परिसीमा झाली. त्याच काळात सिचुआनमध्ये लाकडी ठशांनी छापलेल्या पुस्तकांची अक्षरं येनच्या वळणाची होती, म्हणजे ज्यांनी त्याचा शिलालेख कधी पाहिला नाही त्यांनीही त्याचं वळण वाचलं. विसाव्या शतकात तान येनकायने नानजिंगच्या सुन यत-सेन समाधीतल्या शिळेवरची मोठी अक्षरं याच वळणात लिहिली.

नावं ठेवणारेही तितकेच मोठे आहेत, आणि ते वाचल्यावर मला बरं वाटलं. दक्षिण तांगचा कवीराजा ली यू म्हणाला म्हणतात की येनचं अक्षर हात बांधून, पाय जुळवून उभ्या राहिलेल्या खेडुतासारखं आहे. सोंग काळातल्याच 'मी फू' नावाच्या सुलेखनकाराला येनची कायशू भपकेबाज, गावंढळ वाटायची. पण हाच 'मी फू' येनच्या ७६४ सालच्या एका पत्राच्या मसुद्यावर फिदा होता. दरबारी समारंभात कुणी कुठे बसायचं यावरून येनने एका बड्या अधिकाऱ्याला खडसावून लिहिलेलं ते पत्र.

१०. वर्षानंतर: मसुदे

कायशू साधारण हाताखाली आली की जोडलिपीकडे, म्हणजे रेघा जोडत भरभर लिहायच्या शैलीकडे, जाता येतं. तिच्यासाठी येनची दोन लिखाणं. एक ते बैठकीच्या मानाचं पत्र, ज्याचा कोरीव दगड शीआनला आहे. दुसरं 'पुतण्याच्या श्राद्धाचा मसुदा', ७५८ सालचा, मूळ कागद तैपेईला.

येनने जीमिंगचे अवशेष शोधायला माणूस पाठवला, आणि मिळालं ते फक्त त्याचं शिर. त्यानंतर लिहिलेला हा मसुदा, २३४ अक्षरांचा. वांग शीझीच्या ३५३ सालच्या 'लानतिंग' प्रस्तावनेनंतर जोडलिपीतलं दुसरं श्रेष्ठ लिखाण म्हणून तो ओळखला जातो. सुरुवातीच्या ओळी सावरलेल्या आहेत. मग खोडाखोड सुरू होते, शब्द बदलतात, शाई संपत येऊन रेघा कोरड्या, खरखरीत होतात आणि तरी तो थांबत नाही. शेवटाकडे अक्षरं जवळजवळ पळतात. २०१९ मध्ये हा कागद तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात येनवरच्या प्रदर्शनासाठी नेला, तेव्हा इतकी नाजूक वस्तू देशाबाहेर दिलीच कशी यावरून तैवान आणि चीनमध्ये मोठा गदारोळ झाला.

हा मसुदा लिहायला घ्याल तेव्हा बहुतेक पुस्तकं खोडलेले भाग गाळून स्वच्छ अक्षरं देतात, तेवढीच गिरवायला सांगतात. तसं करू नका. खोडलेली अक्षरं आधी लिहा, मग त्याने जशी खोडली तशी खोडा. आणि तो जिथे पुन्हा शाईत बुडवतो तिथेच तुम्हीही बुडवा. मधे कुंचला कोरडा पडला तरी बशीकडे हात नेऊ नका.